डाव्या कानाचं यंत्र

आमचे आबा घरात शिरताना खाकरायचे. सवय नव्हती ती, कायदा होता. काष्टी गावात आमच्यासारख्या घरांतून सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नसे, सुनेनं त्याच्यासमोर बसायचं नसे. मग आपण येतोय हे तिला कळावं कसं, तर त्यानं उंबऱ्याबाहेरूनच खाकरायचं. ते ऐकलं की सुनेनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि उठून उभं राहायचं. बाकीच्यांचे सासरे साधं खाकरायचे. आमचे आबा असे खाकरायचे की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवायची. यावरून माझं आणि आईचं नेहमी वाजायचं. मी म्हणायची, एवढा घसा खरवडण्यापेक्षा ‘आलो गं’ म्हटलं तर जीभ झिजेल का? आई म्हणायची, तू मास्तरीण व्हायला चाललीस ना, मग शाळेतल्या पोरांना शिकव.

आबांचं नाव रंगनाथ. उंच, काटक, बोलणं अगदी तोलूनमापून. बैलांशी मात्र भरपूर बोलायचे. काष्टीच्या बाजारात जनावर घ्यायला लांबलांबून माणसं यायची आणि त्यातली ओळखीची आबांना शोधत फिरायची, कारण बैलाची पारख करावी तर आबांनीच. दात बघायच्या आधी ते बैलाच्या मानेवरून हात फिरवायचे आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे. काय पुटपुटायचे ते त्या बैलालाच ठाऊक. घरी आले की तोंडाला कुलूप. बैल होऊन जन्मले असते तर आबा जास्त सुखी झाले असते असं मला वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायची.

अशा घरात मनकर्णावहिनी आली. माझा भाऊ सूर्यभान मिलिटरीत होता. लग्न करून, रजा संपवून तो पठाणकोटकडे निघून गेला आणि मागं ठेवून गेला दोन गोष्टी, एक बायको आणि एक कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर. वहिनी श्रीरामपूरची. वडील तिथल्या कापसाच्या पेठेत मापाडी, घर स्टेशनाजवळ, घरासमोर हॉटेल आणि हॉटेलात सकाळपासून रेडिओ चालू. ती गाण्यांतच वाढली म्हणा ना. नुसतं सुरुवातीचं वाजवणं ऐकून पुढचं गाणं कोणतं ते सांगायची. आणि आमच्याकडे आवाज कसला, तर म्हशीच्या रवंथाचा आणि आबांच्या खाकरण्याचा. दोन दिवाळ्या गेल्या तशी ती मिटत चालली. शनिवारी मी नगरच्या वसतिगृहातून घरी यायची तेव्हा माझ्याशी हसायची, बोलायची, पण तेही उसनं आणल्यासारखं. मला तिची फार काळजी वाटायला लागली होती. दादाला रजा कधी मिळेल याचा नेम नव्हता, आणि ही पोरगी अशीच सुकत गेली तर एक दिवस माहेरी जाईल ती परत यायची नाही, असं मला धडधडीत दिसत होतं.

ट्रान्झिस्टर घरात होता, पण तो आबांचा. त्यावर लागायच्या बातम्या आणि बाजारभाव. गाणी नाहीत. त्याचं एक कारण म्हणजे त्यात घालायचे शेल. आबांचा पक्का समज होता की बातम्यांना शेल कमी लागतात आणि गाण्यांना जास्त, कारण बातम्यांत माणूस एकटाच बोलतो आणि गाण्यात पेटीवाला, तबलेवाला, सारंगीवाला सगळे मिळून शेल ओढतात. मी त्यांना शास्त्र सांगायला गेले तर म्हणाले, गाडीत एक माणूस बसला तर बैलाला हलकं, वऱ्हाड बसलं तर जड. दुसरं कारण म्हणजे गल्ली. घरंदाज घरात धनी परमुलखात असताना सून गाणी लावून बसली, असं गल्लीनं म्हणता कामा नये. गल्ली म्हणजे दगडाबाई. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला ते दगडाबाईचे होते.

एका शनिवारी वहिनीनं मला ट्रान्झिस्टरच्या बाजूचं बारीक छिद्र दाखवलं. दादा जाताना तिला सांगून गेला होता की त्यात कानातली गोळी बसते, तार लावून. ती लावली की आवाज फक्त कानात येतो, बाहेर चिटपाखरालाही कळत नाही. एवढं सांगून ती माझ्याकडे बघत राहिली. मागण्याची तिला सवय नव्हती. मग तिनं तुरीची एक बारीक काडी आणली, त्या छिद्रात घालून बघितली, नखानं खूण केली आणि माझ्या पिशवीत ठेवली. बांगड्यांसाठी तिच्या आईनं दिलेले पैसेही वर ठेवले.

नगरला कापड बाजाराच्या एका बोळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी जाऊन तुरीची काडी काउंटरवर ठेवली. चष्मेवाल्या दुकानदारानं काडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बाई, ही लाकडं विकायला आलात का? पण माणूस चांगला होता. काडीच्या जाडीची पिन शोधून त्यानं माझ्यापुढे गोळ्या मांडल्या. एक पांढरी, तोंडाला मऊ रबर लावलेली, आवाज अगदी कानात मध ओतल्यासारखा, पण तिची किंमत ऐकून मी ती लगेच खाली ठेवली. एक अगदी स्वस्त होती, पण तिची तार वीतभर. तेवढ्या तारेत वहिनीला ट्रान्झिस्टर गळ्यातच बांधून फिरावं लागलं असतं. राहिली तिसरी. परवडणारी, तार लांब आणि काळी, म्हणजे केसांत दिसणार नाही. पण गोळी कडक, आणि आवाज कुणीतरी घागरीत तोंड घालून गातंय असा. लावून बघितली तर कानाला टोचली. दुकानदार म्हणाला, तासभर लावाल तर कान सोलून निघेल. मी म्हटलं, द्या. ज्याला प्यायला पाणीच नाही तो गाळून मागत नाही.

आता ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात न्यायचा कसा? इथं वहिनीनं असं डोकं चालवलं की मी थक्क झाले. आबा शेल उतरले की ते उन्हात वाळत घालायचे, ऊब मिळाली की पुन्हा थोडे दिवस चालतात म्हणून. वहिनीनं आईच्या तोंडून आबांना कळवलं की चुलीशेजारच्या कोनाड्यात ट्रान्झिस्टर ठेवला तर शेलांना दिवसभर ऊब मिळेल. आबांना हे इतकं पटलं की सून हुशार आहे असं त्यांनी आईजवळ कबूल केलं. झालं. दुपारी आबा शेतावर, आई ओसरीवर आडवी, आणि वहिनी चुलीसमोर. कोनाड्यातून निघालेली काळी तार पदराखालून डाव्या कानात. गोळी टोचू नये म्हणून तिनं तिच्याभोवती कापसाचा पुंजका गुंडाळला होता, कापसाच्या मापाड्याचीच लेक ती. पुढच्या शनिवारी मी आले तर वहिनी माझ्या वाट्याचीही बडबड करत होती.

आणि मग ते झालं. आबा भर दुपारी परतले, बरोबर पाथर्डीकडचा एक पाहुणा, बैल बघायला आलेला. पाण्यासाठी आबा उंबऱ्याबाहेर खाकरले. वहिनी पाठमोरी भाकरी थापत होती. हलली नाही. आबा पुन्हा खाकरले. म्हशीनं मान वर केली, ओसरीवरची आई दचकून उठून बसली, पाहुण्यालासुद्धा कळलं की आता आत कुणीतरी उठायला हवं. वहिनी आपली मान डोलवत भाकरी फिरवत होती. शेवटी आबांनी स्वतः जाऊन माठातलं पाणी घेतलं. त्यांच्या जन्मात त्यांनी ते पहिल्यांदा केलं असावं, कारण पाणी काढायचं ओगराळं काही त्यांना सापडेना.

सून मुद्दाम उठली नाही असं आबांच्या मनातही आलं नाही. त्यांनी आईला एवढंच विचारलं की पोरीला ऐकू कमी येतं का? आईनं लगेच परीक्षा सुरू केली. मागून जाऊन हलक्या आवाजात हाक मारायची. वहिनी कधी ओ द्यायची, कधी नाही. मग एक दिवस आईला वहिनीच्या डाव्या कानात कापूस दिसला, गोळी काढताना राहून गेलेला. आईनं विचारलं, कान दुखतो का? वहिनी घाबरली. खरं सांगावं तर ट्रान्झिस्टर पेटीत आणि गाणी कायमची बंद. तिच्या तोंडून निघून गेलं की डाव्या कानानं जरा कमी येतं.

एका वाक्यात ती आगीतून फुफाट्यात पडली. आई रोज लसूण घालून कढवलेलं तेल तिच्या कानात ओतायला लागली. भिंतीपलीकडे दगडाबाईनं ते ऐकलं, आणि पिठाच्या गिरणीवरून गावभर झालं की श्रीरामपूरकरांनी रंगनाथाला फसवून बहिरी पोरगी गळ्यात मारली. नंतर ती स्वतः आमच्या ओसरीवर येऊन बसली. आबांना म्हणाली की अजून मूलबाळ नाही तोवर पोरीला माहेरी पोचती करा, सूर्यभानाला काय, दुसरी मिळेल. मी त्या दिवशी घरीच होते. वहिनी दाराआड उभी होती, तिचे ओठ पांढरे पडलेले. मी पुढे होऊन दगडाबाईला चार शब्द सुनावणार होते, पण त्याआधी आबा बोलले.

“दगडाबाई, आमच्या पवळ्याचा डोळा गेला तवा लोकं म्हनली, बाजारात ने. मी न्हेला न्हाई. हितंच खातोय, हितंच मरंल. ही तर सून हाय. बहिरी असली तरी आमची हाय.”

वहिनीला त्यांनी बैलाच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. पण आबांच्या लेखी त्याहून वरची जागा जगात नव्हती, हे मला माहीत होतं आणि त्या क्षणी वहिनीलाही कळलं असावं. ती दाराआड खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मला आबांचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी त्यांच्याशी एकदाही वाद घातला नाही.

त्यानंतर आबांनी एक गोष्ट केली, जी आमच्या घराण्यात कुणी केली नव्हती. बहिऱ्या सुनेपुढं खाकरून काय उपयोग? ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, तिच्या उजव्या अंगाला उभे राहून, मोठ्यानं म्हणायला लागले, “पोरी, पानी दे.” मग हळूहळू वाढलं. पोरी, आज कालवन झ्याक झालंय. पोरी, तांबडी गाभन हाय. शेतातून आले की आधी तिला सांगायचे, मग आईला. वहिनी पदराआडून मान हलवून उत्तर द्यायची. आवाज काढायचा धीर अजून नव्हता.

वहिनीनं गोळी काढून पिठाच्या डब्यात तळाशी दडवली. गाणी तिनं स्वतःहून सोडली. मला म्हणाली, “वन्सं, मला सांगून टाकायचंय. पन सांगितलं की मामा परत खाकरतील. माझा बा बी मला कधी इतकं बोलला न्हाई.” खरं सांगावं तर आबांचं बोलणं जाणार, न सांगावं तर बहिरेपण जन्माला चिकटणार आणि गाणी तर दोन्हीकडून गेलेली. सगळ्यांत वाईट म्हणजे तिला आबांना फसवल्याचं दुःख व्हायला लागलं होतं. मला दुःखबिःख काही नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की हे सगळं त्या खाकरण्यानं केलंय.

एका शनिवारी सकाळी मी वसतिगृहातून निघायच्या तयारीत असताना खाली आबा उभे. ठेवणीतला फेटा बांधून, रेल्वेनं नगरला आलेले. म्हणाले, बाजारात त्यांनी एक सावकार माणूस बघितला होता, त्याच्या खिशात डबी होती आणि डबीतून कानात तार. त्या यंत्रानं त्याला ऐकू यायचं. तसलं वहिनीसाठी घ्यायचं होतं. तू शिकलेली, म्हणाले, दुकान दाखव.

मी त्यांना चांगलं फिरवलं. औषधाची दुकानं दाखवली, चष्म्याची दाखवली, त्या बोळाच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. पण चष्म्याच्या दुकानांतल्याच एकानं आबांना सांगितलं की तारेचं काही असेल तर त्या बोळात रेडिओवाल्याकडे विचारा. आबा पुढे आणि मी मागे. आम्ही पायरी चढतोय तोवर दुकानदारानं चष्मा वर केला आणि हसून म्हणाला, “या बाई. ती गोळी बसली का ट्रान्झिस्टरला बरोबर? तुरीच्या काडीवरून दिलेली?”

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग काउंटरवर मांडलेल्या गोळ्यांकडे बघितलं, मग त्यांच्या तारांकडे. बैलाचा दोष हेरायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. दुकानदाराला म्हणाले, बाईनं नेली तसली मला दाखवा. त्यानं तशीच कडक गोळी काढली आणि दुकानातल्या रेडिओला लावून दिली. आबांनी फेटा कानावरून वर सरकवला आणि गोळी घातली. काहीतरी गाणं लागलेलं असणार. ते पूर्ण होईपर्यंत आबा काउंटर धरून उभे होते, भुवया चढलेल्या, नजर रस्त्यावर. आता बोळभर माझी शोभा होणार म्हणून मी तयारीत होते.

त्यांनी गोळी काढली आणि कान चोळला. मग माझ्याकडे वळले.

“ही असली दगडावानी गोळी तू तिच्या कानात घालाय दिली? काय लाज हाय का?”

मी म्हटलं, तेवढ्याच पैशांत बसत होती. दुकानदारानं मऊ रबराची पांढरी पुढे केली. आबांनी रबर बोटांनी दाबून बघितलं, गालाला लावून बघितलं, कानात घालून आणखी एक गाणं ऐकलं. तार हातानं मापली आणि ती चुलीपर्यंत पुरणार नाही म्हणून लांब तार जोडून मागितली. किंमत ऐकून त्यांनी घासाघीस केली, पण मनापासून नाही. शेल उन्हात वाळवणारा माणूस तो. मी बघतच राहिले.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले. मी आपलं खरं ते सगळं सांगून टाकलं. गाणी, कोनाडा, कापूस, पिठाचा डबा, आणि वहिनी कशासाठी गप्प राहिली तेही. गावभर ऐकू जाईल असं आपण मोठ्यानं बोलत राहिलो, लोक हसले असतील, एवढं ते एकदा पुटपुटले. मग काष्टी जवळ आल्यावर फेटा सारखा करत म्हणाले,

“तिला ऐकू येतंय हे कुनाला सांगू नगं. तुझ्या आईला बी न्हाई.”

मी विचारलं, का?

“बरी झाली म्हनलं तर मला परत खाकराय लागंल.”

माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. एवढी वर्षं मी या माणसाला बैल म्हणत आले होते.

घरी पोचलो तर आई चुलीशी बसलेली, दगडाबाई काही ऐकायला मिळतंय का म्हणून मागच्या दारात उभी, आणि वहिनी भाकरी थापत होती. आमच्या दोघांचे चेहरे बघून वहिनीला वाटलं असणार की संपलं सगळं. तिचे हात पिठातच थांबले. आबा न खाकरता सरळ आत आले, तिच्या उजव्या अंगाला उभे राहिले आणि दगडाबाईलाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“पोरी, नगरच्या डाक्टरानं यंत्र दिलंय. डाव्या कानाला. भाकरी थापताना लावायचं म्हनलाय. करंट लागतो त्याला, तो रेडिओतनं घ्यायचा.”

आणि खिशातून ती पांढरी गोळी काढून त्यांनी कोनाड्यात ठेवली. वहिनीनं गोळीकडे बघितलं. मऊ रबराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली.

दगडाबाईनं विचारलं, माझ्या बी कानाला असलं मिळंल का?

“तुला काय करायचंय,” आबा म्हणाले. “तुला भिंतीपल्याडचं बी येतंय.”

आईनं वहिनीच्या हातावर पाणी घातलं. वहिनीनं हात पुसले, पिन छिद्रात बसवली, गोळी कानात घातली, उघडपणे, सगळ्यांसमोर. आबांनी स्वतः बटण फिरवलं आणि काटा बातम्यांवरून बराच पुढे नेला. तिचा चेहरा बदलला तेव्हा थांबले.

“येतंय का ऐकू, पोरी?”

मान हलवून भागलं असतं. पण वहिनीनं पदर थोडा मागं सारला.

“येतंय, मामा,” ती म्हणाली. “लई चांगलं येतंय.”

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सून सासऱ्याशी बोलली म्हणून तिनं रागवायला हवं होतं, पण तिलाच हुंदका आला. यंत्राचा गुण म्हणाली, दुसरं काय. आबा तिथंच उंबऱ्याशी बसले आणि त्यांनी ताट मागितलं. पुढे दादा सुट्टीवर आला, नातवंडं झाली, चुलीच्या जागी शेगडी आली, तरी आबा जेवायला तिथंच बसायचे, वहिनीच्या उजव्या अंगाला, आणि दिवसभराचं तिला मोठ्यानं सांगायचे. गावात मनकर्णा डाव्या कानानं बहिरी ती बहिरीच राहिली. आणि आबांचं खाकरणं आमच्या घरात पुन्हा कुणी ऐकलं नाही.